जखम भरल्यानंतरचे अठरा महिने: व्रण पाठपुरावा प्रकल्पाच्या नोंदी, सांगली

१२ फेब्रुवारी २०२४

दोन व्रणांपासून सुरुवात. नोंदवहीत नाव-गाव नाही, फक्त क्रमांक.

व्रण १: प्रौढ, उजवा पंजा, वरची बाजू, मनगटापासून चारही बोटांच्या पहिल्या पेरापर्यंत. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक उडाला. उकळतं पाणी १०० अंशांच्या पुढं जात नाही; गूळ उतरवायच्या वेळी पाक ११८ अंशांच्या आसपास असतो, शिवाय चिकटून बसतो. म्हणून तेवढ्याच वेळात तो जास्त खोल भाजतो. जखम आपोआप भरली, पण २७ दिवस लागले. कातडी लावलेली नाही.

व्रण २: चार वर्षांचं मूल, डावी काख आणि दंडाची आतली बाजू, आंघोळीचं कढत पाणी. १८ व्या दिवशी मांडीची पातळ कातडी लावली. ग्राफ्ट बसलाय, आज दोन आठवडे झाले.

दिवस शून्य भाजल्याच्या तारखेपासून मोजायचा नाही. शेवटचं ड्रेसिंग सुटलं तो दिवस शून्य, असं ठरवलं. दोन आठवड्यांच्या आत भरलेली जखम सहसा सपाट राहते. तीन आठवड्यांच्या पुढं गेलेली जखम फुगीर व्रण करण्याची शक्यता मोठी. व्रण १ त्यात बसतो, त्यामुळं आज तो कितीही गुळगुळीत दिसत असला तरी दर महिन्याला बोलवायचा. "जखम तर भरली, आता कशाला यायचं?" हा प्रश्न आज दोन्ही घरांतून आला. उत्तर म्हणून दोघांनाही तारखांचं कार्ड दिलं.

मोजमापाला व्हँकुव्हर स्केल, म्हणजे व्रणाला गुण द्यायची पद्धत; गुण जास्त तितका व्रण वाईट. लाली ० ते ३, रंग ० ते २, लवचिकपणा ० ते ५, उंची ० ते ३. एकूण १३ पैकी. आज व्रण १: लाली १, रंग १, लवचिकपणा १, उंची ०. बेरीज ३. मधल्या बोटाचा मुळाचा सांधा ८० अंश वाकतो (पूर्ण म्हणजे साधारण ९०). व्रण २ च्या हाताची बाजूनं वर उचल १५० अंश.

४ मार्च २०२४

व्रण ३ आला. डावा हात, कोपराखाली, हळद शिजवायच्या कुकरची वाफ. ११ दिवसांत भरला. हा तुलनेसाठी ठेवला.

फोटोंची पद्धत बसवायला सगळा दिवस गेला. पहिल्या फेरीतले फोटो टाकून दिले, कारणं लिहून ठेवतो:

हात खाली लोंबकळत असताना काढलेला फोटो जांभळट येतो, छातीच्या उंचीवर धरला तर तोच व्रण गुलाबी. पट्टी किंवा मोजा काढल्याबरोबर काढलेला फोटो फिका येतो, कारण दाबानं रक्त बाजूला सरलेलं असतं. म्हणून सगळं काढून दहा मिनिटं थांबायचं, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. फ्लॅश बंद. उत्तरेकडची खिडकी, ५० सेंमी अंतर, चौकटीत मोजपट्टी आणि राखाडी कार्ड.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, तपकिरीत मिसळून जाते. काचेची पारदर्शक स्लाइड व्रणावर दाबायची: दाबल्यावर जो रंग उरतो तो कातडीचा, जो पळतो तो रक्ताचा. सोडल्यावर किती पटकन परत येतो तेही लिहायचं. झटक्यात परत आला तर व्रण अजून जिवंत आहे, बदलतोय.

उंची मोजायला स्टीलची पट्टी व्रणाच्या माथ्यावर उभ्या कडेनं टेकवायची आणि शेजारच्या निरोगी कातडीपर्यंतच्या फटीत १ मिमी जाडीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सरकवायच्या. व्हर्निअरचा दांडा मऊ कातडीत रुततो, आकडा जास्त येतो.

कडा पारदर्शक कागदावर मार्करनं गिरवून घेतल्या. पुढं व्रण फुगला की हाच कागद वर ठेवून बघायचं. फुगवटा मूळ जखमेच्या रेषेच्या आत राहिला तर तो फुगीर व्रण, बाहेर सरकला तर किलॉइड. दोघांचं पुढचं गणित वेगळं: फुगीर व्रण वर्ष-दोन वर्षांत बसत जातो, किलॉइड आपणहून बसत नाही.

८ एप्रिल २०२४

उद्या पाडवा, तरी दोघं आले. व्रण १ ला नऊ आठवडे झालेत, आणि अपेक्षेप्रमाणं उठायला लागलाय. लाली २, रंग १, लवचिकपणा ३, उंची १. बेरीज ७. फेब्रुवारीत जे बोटांखाली मऊ लागत होतं ते आता रबरी चपलेच्या टाचेसारखं लागतं. घरच्यांना वाटलं आत पू झालाय. नाही: गरमपणा व्रणापुरताच, ताप नाही, पसरणारी सूज नाही, ठणका नाही.

आत काय चाललंय ते एकदा नीट लिहून ठेवू, कारण घरी हेच समजावायचंय. जखम बंद होते तेव्हा खालचं बांधकाम घाईघाईचं असतं. आधी तिसऱ्या प्रकारचं बारीक कोलॅजन (कातडीला ताकद देणारं धाग्यांचं प्रथिन) टाकलं जातं, मग महिनोन्‌महिने ते काढून पहिल्या प्रकारचं जाड कोलॅजन बसवलं जातं. टाकणं आणि काढणं दोन्ही एकाच वेळी सुरू असतं. टाकणं जास्त झालं की व्रण वर येतो. निरोगी कातडीत हे धागे बुट्टीच्या विणीसारखे आडवे-उभे असतात, व्रणात एका दिशेनं पडतात, आणि फुगीर व्रणात त्यांच्या गाठी होतात. त्या गाठींत मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, त्यांना स्नायूसारखं आखडता येतं. हाताची बोटं मागं खेचतात ती ह्याच. तीन आठवड्यांच्या व्रणाची ताकद निरोगी कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी, आणि पूर्ण पिकल्यावरही ७० ते ८० टक्क्यांच्या पुढं जात नाही. लवचिक धागे पहिल्यासारखे परत येत नाहीत. खोल भाजलेल्या जागी घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथीही जातात.

व्रण १ साठी प्रेशर ग्लोव्हचं, म्हणजे व्रण दाबून धरणाऱ्या घट्ट इलॅस्टिक हातमोज्याचं, माप घेतलं. घेर दर ३ सेंमीवर, प्रत्येक बोटाचा मुळाशी आणि मधल्या सांध्याशी, सकाळी, सूज नसताना. कापड घेरापेक्षा १० ते २० टक्के कमी कापतात. अपेक्षित दाब १५ ते २५ मिमी पारा. बोटांची टोकं उघडी ठेवायला सांगितलं.

२२ एप्रिल २०२४

ग्लोव्ह आले, दोन. पहिल्या फिटिंगमध्ये नेहमीचीच चूक सापडली: मनगटाला घट्ट, पंजाच्या वर सैल. कापडाचा ताण सगळीकडं सारखा असला तरी जिथं वळण लहान तिथं दाब जास्त, जिथं भाग सपाट तिथं दाब जवळपास नाहीच. पंजाची वरची बाजू सपाट, आणि व्रण नेमका तिथंच. उपाय: ५ मिमी फोमचा तुकडा, कडा कातरून उतरत्या केलेला, ग्लोव्हच्या आत. बोटांच्या बेचक्यांत वेगळे छोटे तुकडे, कारण ग्लोव्ह तिथं टेकतच नाही आणि व्रण बेचकीतून वर चढतो.

तपासणी: नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी यायला हवं. अर्धा तास घालून बसवलं, बोटं सुजली नाहीत, निळी पडली नाहीत. दिवसातले २३ तास, बाकीचा एक तास आंघोळ, मालिश, व्यायाम.

तेल लावून लगेच ग्लोव्ह घालायचा नाही, इलॅस्टिक मरतं. लावायचं, जिरवायचं, पुसायचं, मग घालायचं. साध्या साबणानं हातानं धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत आडवा वाळवायचा. दोन-तीन महिन्यांत कापड सैल पडतं, तेव्हा नवं माप.

१३ मे २०२४

उकाडा. तिघांचीही तक्रार एकच, खाज. व्रण १ ला रात्री झोप नाही.

सिलिकॉन शीट गेल्या आठवड्यात सुरू केली होती: पहिल्या दिवशी २ तास, रोज २ तास वाढवत १२ पर्यंत. चौथ्या दिवशी शीटखाली घामोळं आणि बारीक पुरळ. मे महिन्यात सांगलीत हे व्हायचंच. शीट बंद, पुरळ जाईपर्यंत नुसता ग्लोव्ह. मग दिवसा शीटऐवजी सिलिकॉन जेल, पातळ थर, वाळू द्यायचा. शीट फक्त रात्री पंख्याखाली, दर सकाळी धुऊन. जेल काय, शीट काय, उघड्या फोडावर नाही.

खाजेसाठी: नखं नाहीत. गार ओला फडका दहा मिनिटं, मग खोबरेल किंवा लिक्विड पॅराफिन, दिवसातून चारदा. तेलग्रंथी नसलेली कातडी कोरडी पडते आणि कोरडी कातडी खाजते, अर्धी खाज तिथंच कमी होते. उरलेल्या खाजेसाठी डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली. एका घरी वेदनाशामक बाम लावून बघितला होता, दुसऱ्या दिवशी फोड. नव्या कातडीला खालच्या थरात रुतून धरणाऱ्या खुंट्या अजून तयार नसतात, त्यामुळं तिखट औषध, घट्ट बांगडी, पिशवीचा बंद, कशानंही वरचा पापुद्रा सुटतो. फोड आलाच तर धुऊन न चिकटणारी जाळी, तेवढ्या जागी दोन दिवस मालिश नाही.

व्रण ३: सपाट, मऊ, पण मधोमध फिका आणि कडेला गडद. आज फिक्या भागात केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपके दिसले. रंग तिथूनच परत येतो, ठिपके वाढत जाऊन एकमेकांना मिळतात. घरात "कोड फुटलं" म्हणून धास्ती होती, भिंग हातात देऊन ठिपके दाखवले. उन्हात पूर्ण बाह्या, नाहीतर कडेचा गडदपणा महिनोन्‌महिने टिकतो.

व्रण २ ची उचल १२५. घसरतेय.

१० जून २०२४

व्रण १ आला नाही. व्रण २ ला काखेचं स्प्लिंट (हात ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार), हात ९० अंशांत बाजूला. मूल रात्री काढून टाकतं.

८ जुलै २०२४

व्रण १ आठ आठवड्यांच्या खाड्यानंतर. पेरणी, भांगलण, पाऊस. लाली ३, रंग २, लवचिकपणा ४ (मधल्या बोटाच्या मागं दोरीसारखी पट्टी), उंची २ (३ मिमी). बेरीज ११, आतापर्यंतची सगळ्यात वाईट. मधल्या बोटाचा सांधा ५० अंशच वाकतो. मूठ करताना बोटाचं टोक तळव्यापासून ३.५ सेंमी लांब.

सुरुवातीला सांधा ३५ अंश लिहिला गेला होता. दुसऱ्यानं मोजला तर ५०. फरक मनगटाचा: हा व्रण मनगट आणि बोटं दोन्ही ओलांडून जातो, मनगट खाली झुकलं की कातडी तिथंच संपते आणि बोट वाकायला उरत नाही. ह्यापुढं मनगट सरळ, शून्यावर, आणि नोंदीत तसं लिहिलेलं नसेल तर आकडा बाद.

ग्लोव्ह वापरात होता. बिघडलं ते स्प्लिंटमुळं: मेमध्ये दिलेली प्लास्टरची रात्रीची स्लॅब पावसाच्या दमटपणात मऊ पडली, मग ती कोपऱ्यात. आणि ग्लोव्ह दोनच, एक ओला, एक वाळत, मधे एक दिवस उघडा हात. पावसाळ्यात तीन हवेत, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

९ जुलै २०२४

आजचा दिवस स्प्लिंटला दिला.

पंजाच्या वरचा व्रण हाताला पंजा मारल्यासारखा आकार देतो: मुळाचे सांधे मागं, पुढचे सांधे वाकलेले. म्हणून उलट स्थिती: मनगट २० ते ३० अंश मागं, मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, बोटं सरळ, अंगठा तळव्यापासून लांब. पण ५० अंशांवर अडलेल्या सांध्याला पहिल्या दिवशी ७० ला बांधलं तर रात्री दुखून काढून टाकणार. ५५ ला बांधायचं, आठवड्याला पाच-पाच अंश वाढवायचं.

प्लास्टर बाद, म्हणून पीव्हीसी पाईप. पायऱ्या अशा. आधी हातावर तेल लावून प्लास्टरचा साचा काढला, सुकल्यावर आत प्लास्टर ओतून हाताची प्रतिकृती. पाईप उभा चिरून हीट गननं सपाट केला, कागदी नमुन्याप्रमाणं कापला, परत गरम करून प्रतिकृतीवर दाबला. थेट हातावर कधीच नाही: पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि ह्या कातडीला चटका लवकर कळतही नाही. खोलीची दारं-खिडक्या उघडी, करपवायचं नाही, धूर विषारी. कडा घासून बाहेर वळवल्या, मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाच्या उंचवट्यावर फोम. पट्टे तीन: पुढचा हात, मनगट, बोटांचं पहिलं पेर. तिसरा पट्टा विसरला की रात्रीत बोटं वर उचलून येतात आणि स्प्लिंट नुसतं शोभेला. हवेसाठी ५ मिमीची भोकं पाडली.

थर्मोप्लास्टिक शीट मिळाली तर काम सोपं: ३.२ मिमी जाडी, ६५ ते ७० अंशांचं पाणी, मऊ झाली की पुसून आधी आपल्या मनगटावर लावून बघायची, मग रुग्णाच्या. तिचा दोष एकच, उन्हात उभ्या गाडीत ठेवली की आकार सोडते.

ताणाचा व्यायाम दिवसातून पाच वेळा. व्रण पांढुरका पडेपर्यंत सावकाश वाकवायचं, तिथं अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं. झटका द्यायचा नाही. बारीक चिरा पडतात, सूज येते, सुजेतून पुन्हा नवं कोलॅजन.

२ सप्टेंबर २०२४

व्रण १: सांधा ६२, मूठ २ सेंमी दूर, बेरीज १०. म्हणजे आकड्यात फारसा फरक नाही, पण हातानं आता विळा धरता येतो. नुसत्या बेरजेवर भरवसा ठेवू नये, हे दर वेळी नव्यानं पटतं. सांध्याचा कोन आणि हातानं होणारं काम वेगळं लिहीत चाललोय. गिरवलेला कागद ठेवून पाहिला, फुगवटा सगळीकडं रेषेच्या आत. किलॉइड नाही.

व्रण २: १०५ अंश. काखेच्या पुढच्या कडेला पदराच्या काठासारखी ताठ पट्टी. हात वर केला की ती छातीची कातडी ओढते आणि स्तनाग्र वर सरकतं. पातळ ग्राफ्ट बसल्यानंतर जास्त आकसतो, त्यात मूल हात अंगाशी धरून झोपतं. आरामाची स्थिती आणि आखडण्याची स्थिती एकच आहे. आईला खेळ सांगितले: दारावर उंच चिकटवलेली चित्रं, दोरीवर कपडे टाकणं.

११ नोव्हेंबर २०२४

व्रण १: लाली २, रंग २, लवचिकपणा ३, उंची १ (दीड मिमी), बेरीज ८. सांधा ७०. नऊ महिन्यांत पहिल्यांदा स्लाइड सोडल्यावर रंग सावकाश परत आला. उतरणीला लागला.

मात्र मधल्या बोटामागची दोरी तशीच. प्लास्टिक सर्जननं तिच्यात ट्रायमसिनोलोन ह्या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, दर चार ते सहा आठवड्यांनी, तीन वेळा ठरलंय. सुई दोरीच्या आत हवी. खाली चरबीत गेलं तर खड्डा पडतो. भोवतीची कातडी फिकी पडू शकते, हे आधी सांगून टाकलं.

ऊसतोड सुरू झालीये. उसाच्या पाल्याची कड नव्या कातडीला ब्लेडसारखी लागते: आज पंजावर तीन उभे ओरखडे, एक उकललेला. ग्लोव्हवर सुती हातमोजा, त्यावर पूर्ण बाह्या. गुऱ्हाळावर परत जाणार असेल तर चुलवाणाच्या धगीचं सांगितलं. घाम न येणारी कातडी तापते आणि चटका उशिरा कळतो.

व्रण ३ ची बेरीज १, फक्त रंग. ग्लोव्ह नाही, सिलिकॉन नाही, काही नाही. पाठपुरावा बंद. ११ दिवस आणि २७ दिवस, ह्या दोन आकड्यांतला फरक पाहायचा असेल तर दोघांचे आजचे फोटो शेजारी ठेवावेत.

१३ जानेवारी २०२५

व्रण २: १०० अंश, तीन भेटी तिथंच. वर्ष झालं. साधारण नियम असा की व्रण पिकेपर्यंत शस्त्रक्रियेला थांबावं, लाल व्रणात केलेलं काम पुन्हा आखडतं. पापणी, ओठ, मान ह्यांना थांबता येत नाही. मुलाच्या काखेत थांबायला हरकत नव्हती, पण हाडं वाढतात आणि व्रण त्यांच्याबरोबर वाढत नाही. पट्टी फिकी पडलीये, खाज नाही. सर्जनकडे पाठवलं.

१७ मार्च २०२५

व्रण २ ची शस्त्रक्रिया झाली. पट्टीवर झेड-प्लास्टी, म्हणजे झेडच्या आकाराचा छेद घेऊन कातडीचे दोन त्रिकोण अदलाबदल करून शिवायचे, ६० अंशांचे कोन. हिशेबानं ६० अंशांना पट्टीची लांबी ७५ टक्के वाढते, ४५ ला ५०, ३० ला २५; प्रत्यक्षात व्रणाच्या कातडीत त्याहून कमी मिळते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना मऊ कातडी होती म्हणून हे जमलं. सगळी काखच ताठ असती तर नवी कातडी लावावी लागली असती. टाके निघाले की पुन्हा स्प्लिंट, पुन्हा ग्लोव्हसारखाच दाबाचा बनियन. घरच्यांना वाटतं ऑपरेशननं प्रकरण मिटलं. दिवस शून्य परत लिहिला.

१५ एप्रिल २०२५

व्रण १: बेरीज ६, सांधा ७८. दोरी बसली, तिच्याभोवती फिकट पट्टा आलाय. ग्लोव्ह हळूहळू सोडायचा: आधी दिवसा चार तास उघडा, आठवडाभर रंग आणि उंची बघून पुढचे चार. सोडल्यावर परत लाल झाला तर पुन्हा २३ तास.

११ ऑगस्ट २०२५

व्रण १, अठरा महिने. लाली ०, रंग २, लवचिकपणा १, उंची १. बेरीज ४. सांधा ८२, मूठ पूर्ण मिटते. चिमटीत धरल्यावर कातडी अजून जाडसर, केस नाहीत, घाम नाही. हे राहणार. ग्लोव्ह बंद, तेल चालू, उन्हात बाही चालू.

व्रण १ च्या कार्डावर एक ओळ वाढवली, आणि ती प्रत्येक पिकलेल्या व्रणाच्या कार्डावर असावी असं ठरलं: जुन्या व्रणावर कधीही, दहा वर्षांनी काय नि तीस वर्षांनी काय, न भरणारी चिघळ आली, कडा जाड झाल्या, वास यायला लागला, तर मलम लावत बसू नये, कडेचा तुकडा तपासायला द्यावा. मार्जोलिन अल्सर म्हणतात तो कॅन्सर असाच जुन्या व्रणात निघतो, बहुतेक वेळा दशकं उलटल्यावर.

व्रण २: १५५ अंश. वाढ संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी. मधल्या काळात घरच्या भिंतीवर दोन्ही हातांची उंची पेन्सिलनं खुणावायची, दर अमावस्येला. उजवी खूण वर सरकली आणि डावी तिथंच राहिली तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं.